शेजारचा प्लॉट नंबर

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं जिना चढणं बंद झालं. धुळ्यात देवपुरातल्या एका कॉलनीत आमचं घर आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आमची नवराबायकोची खोली, वर सासूबाईंची. आमची खोली त्यांना द्यावी हे कुणालाही सुचलं असतं. मलाही सुचलं होतं, पण मी ते बोलले नाही. घराच्या बाजूला कंपाउंडपर्यंत मोकळी पट्टी होती, तिथे त्यांच्यासाठी एक खोली काढू, असं मी नवऱ्याला सांगितलं.

तो म्हणाला, "आधी विचारून ये. मार्जिनमध्ये बांधू देतात का ते बघ."

मी शाळेत शिकवते. सुट्टी काढून महापालिकेत नगररचना विभागात गेले. तिथल्या अभियंत्याने माझा नकाशा टेबलावर पसरला आणि शांतपणे समजावून सांगितलं. बाजूची पट्टी मोकळीच ठेवायची. हवा, उजेड, उद्या आग लागली तर आत शिरायला वाट. हवं तर वर बांधा, त्याची परवानगी मिळेल.

"वर बांधून काय करू? त्यांना जिनाच चढता येत नाही," मी म्हणाले. आणि मग, वर्गात एखाद्या मुलाने म्हणावं तसं म्हणाले, "आमच्या शेजारी तर मार्जिनमध्ये पत्र्याचं शेड आहे. मिरची कांडप चालते तिथे. त्यांना चालतं, मग आम्हाला का नाही?"

"कुठला प्लॉट?" त्याने विचारलं.

मी नंबर सांगितला. नुसता नंबर नाही, कोपऱ्यावरून कितवं घर तेही सांगितलं. घरी येताना मी रागात होते, पण तो राग खोली मिळाली नाही म्हणून. दुसरं काही मनात आलंही नाही.

शेजारी अक्का राहायच्या. मूळ भडगावकडच्या, नवरा गेल्यापासून एकट्या. होळी झाली की त्यांच्या शेडसमोर कॉलनीतल्या बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बसायच्या. माझ्या डिलिव्हरीनंतर महिनाभर माझ्यासाठी डिंकाचे लाडू आणि सासूबाईंसाठी कळण्याची भाकरी याच अक्कांनी आणून दिली होती.

काही दिवसांनी अक्काच एक कागद घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. "बाई, काय लिखेल शे, वाच बरं."

मी वाचलं. बाजूच्या सामासिक अंतरातलं, म्हणजे मार्जिनमधलं, शेड अनधिकृत आहे, दिलेल्या मुदतीत काढून घ्यावं, नाहीतर महापालिका काढेल. वाचताना माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला आजही नवल वाटतं.

"बठ्ठं काढनं पडी का?"

"हो अक्का, सगळंच."

त्यांनी कागदाची घडी घालून कमरेला खोचली. मग मागच्या घराकडे मान वळवून म्हणाल्या, "तिनंच सांगं असी."

मागच्या घरातल्या बाईला दम्याचा त्रास होता. कांडप सुरू झाली की ती खिडक्या लावून घ्यायची, आणि त्यावरून दोघींची एकदा बोलाचाली झाली होती. मी त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा घेता का?"

त्यानंतर अक्कांनी मागच्या घराशी बोलणं तोडलं. कॉलनीतल्या बायकांनीही. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही. ती भाजीच्या गाडीशी आली की बाकीच्या गप्प होत. मीही त्यांच्यातच उभी असायचे, हातात मेथीची जुडी घेऊन. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू काही तक्रार दिली नाहीस. तू फक्त विचारलंस." त्याने माझी बाजू घेतली, आणि मला आणखीच वाईट वाटलं.

एका दुपारी मी अक्कांकडे गेले. त्या मिरच्यांची देठं काढत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. काय विचारायला गेले होते, काय बोलले, नंबर कसा दिला.

त्यांचे हात थांबले नाहीत. "मुद्दाम सांगं का?"

"नाही."

"मंग तिले जाई सांग. माले सांगीसन काय फायदा? बोल तिनं खादा."

मी तशीच मागच्या घरी गेले. सगळं ऐकून ती बाई म्हणाली, "मी काही केलं नव्हतं, पण ऐकतंय कोण? आणि खरं सांगू, शेड जाणार हे कळल्यावर मला बरंच वाटलं. उन्हाळा नीट जाईल." मग माझा हात धरून म्हणाली, "तुमचे उपकारच झाले." शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. हे घेता येईना.

पुढच्या आठवड्यात मी अक्कांना घेऊन त्याच टेबलाशी गेले. अभियंत्याने त्यांनाही तितक्याच शांतपणे समजावलं. शेड निघणारच. यंत्र मोठ्या रस्त्यावर, दुकानांना परवानगी असलेल्या गाळ्यात न्या. अक्कांनी एकच प्रश्न विचारला, "तठे बाया येतीन का?" त्याने पुढची फाइल ओढली.

शेड निघालं. अक्कांनी गाळा भाड्याने घेतला. कॉलनीतल्या निम्म्या बायका आता तयार मसाला आणतात, तेवढ्या लांब कोण जाणार. मी जाते. रांगेत बसते. माझी मिरची त्या चांगलीच कांडून देतात, दोनदा चाळून.

आणि खोली आम्हाला लागलीच नाही. घरचं बोलणं एका संध्याकाळी दहा मिनिटांत संपलं. सासूबाई खाली आल्या, आम्ही वर गेलो. कपाटं हलवायला एक रविवार पुरला.

सकाळी शाळेत जाताना अक्का डबा घेऊन रिक्षाची वाट बघत उभ्या दिसतात. मी स्कूटी थांबवते. "चला अक्का, सोडते."

"नको बाई, मी जास," त्या म्हणतात. आवाजात राग नसतो. पूर्वी मी गाडी थांबवायच्या आधीच त्या पदर खोचून मागे बसायच्या.