फक्त इंजिन वाजलं पाहिजे

उजव्या हाताचं बोट वर करायचं, मान जराशी वळवायची आणि विचारायचं, "थांबा. काय वाजून राहिलं?" आमच्या समोरच्या काकांची ही सवय. आपण प्रेमानं जेवायला बोलवावं, पानात कढी वाढायला घ्यावी, आणि यांचं बोट वर! एकदा तर ते भरल्या पानावरून उठून आमच्या स्वयंपाकघरात शिरले, फ्रिजच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि परत येऊन भात कालवायला लागले. आपला फ्रिज इतकी वर्षं घरघरत होता हे आम्हाला घरघर थांबल्यावर कळलं.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. असला तर जपा बाबांनो.

काकांचं सीताबर्डीत टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. दिवसभर मशिनींचा कडकडाट. त्या कल्लोळात खुर्चीत बसल्या बसल्या ते ओरडायचे, "मागच्या लाइनीत कोणाचा खटका अडकून राहिला गा?" आणि खरंच अडकलेला असायचा. पुढे कॉम्प्युटर आले, इन्स्टिट्यूट बंद झालं, मशिनी भंगारात गेल्या. आवाज कमी व्हावा म्हणून मशिनींखाली अंथरलेले नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, जाड तुकडे तेवढे काकांनी घरी आणले. काकू म्हणायच्या, "लोकं भांडे जमवतात, यायनं चिंध्या जमवल्या."

त्यानंतर काकांनी गाडी घेतली. लाल, दोनच माणसांची, कापडी छत मागे सारता येणारी जुनी स्पोर्ट्स कार. सदर भागातल्या एका बंगल्यात धूळ खात पडली होती. तरुणपणी ती तिथल्याच रस्त्यावरून जाताना काकांनी तिच्या इंजिनाचा आवाज ऐकला होता, आणि तो त्यांच्या डोक्यातून कधी गेलाच नव्हता. गाडी दारात आली तेव्हा मात्र तो आवाज कुठल्या कुठे! काचा खडखडताहेत, दारं करकरताहेत, डॅशबोर्ड कुरकुरतोय. भांड्यांचं कपाट गल्लीतून ओढत आणल्यासारखं वाटलं मला.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. मला त्यांनी ते फाटकाशी उभं राहून, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"उजवा कान गेला जी मॅडम. डावाही चालला. कानातली मशीन लावून पाहिली, तर इंजिन रिकाम्या डब्यासारखं वाजते. डावा कान आहे तोवर मले एकदा त्या गाडीत बसून फक्त इंजिन ऐकायचं आहे. बाकी काही नाही वाजलं पाहिजे."

मी शाळेत मराठी शिकवते. शब्दांची मला सहसा टंचाई पडत नाही. त्या दिवशी मात्र "मग लागा कामाला," एवढंच मी म्हटलं.

आणि कामाला लागलं कोण, तर मी! चालत्या गाडीत आवाज शोधायचा तर चालवणाऱ्याच्या शेजारी दुसरं माणूस लागतं. त्यानं एकेक जागा हातानं दाबून धरायची. जिथं दाबल्यावर आवाज थांबला, तिथं चोर. काकूंना त्या गाडीत बसलं की मळमळायचं, म्हणून रविवारी सकाळी माझी नेमणूक. बसण्याआधी झडती व्हायची. "बांगड्या काढा मॅडम. किल्ल्या घरी ठेवा." बांगड्या रुमालात घट्ट बांधून मांडीवर घ्यायच्या आणि सिमेंट रोडच्या सांध्यांवरून धडधडत निघायचं. मी कधी डॅशबोर्ड दाबतेय, कधी आरसा धरतेय, कधी दार आवळून बसलेय, आणि सिग्नलला माझेच विद्यार्थी दात काढून बघताहेत. शरम वाटायची, खोटं कशाला बोलू? पण मजाही यायची.

दाराच्या पोकळीतून एकदा काचेची गोटी निघाली. "कोण्या पोराची असन," काका ती उजेडात धरून म्हणाले, "आता त्याले नातू झाले असतील." हळूहळू काचांच्या खाचांत टायपिंगच्या नमद्याच्या पट्ट्या बसल्या, पत्र्याला आतून डांबराचे तक्ते चिकटले, सैल स्क्रू आवळले गेले. काकूंच्या चिंध्या कामी आल्या.

मग एका रविवारी काका टाळ्या वाजवतच आले. "झालं मॅडम! एकदम शांत!"

मी काकांबरोबर एक फेरी मारून आले. गाडी बरीच शांत झाली होती, पण डावं दार टकटक, टकटक. गल्लीतल्या कुत्र्यांनाही ऐकू येत होतं. काकांना येत नव्हतं. फाटकात काकू उभ्या होत्या. त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, राहू द्या. पण माझी जीभ कुठली राहतेय! त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन मी ओरडले, "काका, दार वाजून राहिलं!"

ते आत निघून गेले. काकू मला म्हणाल्या, "काहून सांगितलं वं? खुश होते ना ते." घरी येऊन मी ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. "बरं झालं सांगितलं. नाही तर मी फोकटात खुश होऊन बसलो असतो."

तेव्हापासून त्यांनी कानाचं काम तळहाताकडे दिलं. चालत्या गाडीत काचेच्या चौकटीवर, दाराच्या कडेवर तळहात ठेवायचे, पोराचा ताप बघावा तसा. पुढच्या एका चाकाखाली जॅक लावून गाडी उचलली, तर दार मिटेचना. मला काही कळेना, तेव्हा त्यांनी झाकण नसलेला मिठाईचा खोका माझ्या हातात दिला. "पिळा." मी पिळला. तो सहज वाकडा झाला. "पाहा! छत नाही म्हणून गाडीचा सांगाडाही असाच पिळते. बिचाऱ्या दाराचा काय दोष?" मग वेल्डरकडून बॉनेटखाली आडवी पट्टी आणि तळाला लोखंडी आधार बसवून घेतले. दार मुकाट मिटायला लागलं. या सगळ्यात दिवस गेले, आणि डावा कानही जवळजवळ गेला.

शेवटची चाचणी रामटेकच्या रस्त्यावर. काय गाडी चालली म्हणून सांगू! पोटातलं पाणी हललं नाही. गडाच्या पायथ्याशी, धानाच्या बांध्यांजवळ काकांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. बोट वर केलं.

"काय वाजून राहिलं?"

मी मान हलवली. काही नाही.

"फक्त इंजिन?"

मी होकार दिला. काकांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "कसं वाजते, मॅडम?"

आता काय सांगायचं? धीरगंभीर? घनगंभीर? सगळी पुस्तकी रद्दी. शेवटी मी त्यांच्या डाव्या कानाला जवळजवळ ओठ टेकवले आणि सुरू केलं, "घुंऽऽऽ..." गडावर निघालेली माणसं थांबून बघायला लागली. बघोत.

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नाही जी. अजून खाली."

मी आवाज खाली आणला.

"घशातून नको. पोटातून."

मी आणखी खाली गेले. काकांनी डोळे मिटले, गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला. "हां," ते म्हणाले, "हेच. सदरमध्ये असंच वाजलं होतं." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि माझ्याही, पण मी दम संपेपर्यंत थांबले नाही.

काका गेले त्याला आता बरेच महिने झाले. गाडी समोरच्या अंगणात झाकलेली असते. परवा काकूंनी हाक मारली, "मॅडम, थोडी चालू करून द्या. उभी राहून खराब होईन." मी किल्ली फिरवली. ज्या काकूंना त्या गाडीत मळमळायचं, त्या पदर सावरून शेजारी येऊन बसल्या. थोड्या वेळानं काकूंनी बोट वर केलं.

"थांबा. काय वाजून राहिलं?"

"माझ्या बांगड्या, काकू," मी म्हटलं, आणि एकेक काढून रुमालात बांधायला लागले.