न छेडलेली तार

कचेरीसमोर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे आणि त्याच्या बरोबर वरच्या खोलीत गायिका सुमतीबाई राहतात. त्यांच्या रियाजाने माझी सकाळ उजाडत असे. परंतु घशाच्या आजारानंतर त्या महिनाभर गायल्याच नव्हत्या. काल भर दुपारी त्यांनी मला वर बोलावले.

कोपऱ्यात त्यांच्या दिवंगत गुरुजींचा तानपुरा होता. तो कोणी वाजवीत नाही, तरी बाई तो रोज जुळवून ठेवतात. जवळ अचूक सूर लागला की त्याची तार आपोआप झंकारते, हीच त्यांची परीक्षा.

"भाऊसाहेब, तारेला हलकेच बोट लावा. मला बघायचा धीर नाही," असे म्हणून त्या पाठमोऱ्या बसल्या.

"निःशंक गा. खोटी साक्ष मी देत नसतो."

"कचेरीसमोर बसून?" त्या हसल्या.

मग खोलीत बारीक गुंजन उठले आणि माझ्या बोटाखाली तार थरथरू लागली.

"लागला, बाई! सूर लागला!"

त्या सावकाश वळल्या. "मी अजून तोंडसुद्धा उघडलेले नाही."

मी बोट काढले, तरी गुंजन चालूच होते. बाईंनी कोपऱ्याकडे पाहून हात जोडले, डोळे मिटले आणि तोच सूर उचलला. आवाज कोठेही फुटला नाही.

मृतांच्या वारसांचे कित्येक अर्ज या हाताने लिहिले. मागे राहिलेले घर लिहिले, शेत लिहिले, भांडीही लिहिली. सूर कधी लिहिला नाही.

आज सकाळी वर रियाज पुन्हा सुरू झाला आहे. मी खाली बसून ऐकतो आहे आणि आधी सूर कोणाचा येतो, तिकडे लक्ष देण्याचे कटाक्षाने टाळतो आहे.