उसातली वाट आणि ‘पालकांची उदासीनता’

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. हा विषय कुठंच प्रवेश न मिळालेल्या मुलांचा, असं आमच्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोरच बोललं जातं. त्यामुळे एका सरकारी खात्यानं अभ्यासाचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा मी हरखून गेले.

पटसंख्या कमी म्हणून वाड्यावस्त्यांवरच्या शाळा बंद करून मोठ्या गावातल्या शाळांना जोडल्या होत्या. करमाळ्याकडच्या एका वस्तीवरच्या मुली मात्र नव्या शाळेत जाईनाशा झाल्या होत्या. त्याचं कारण मला शोधायचं होतं.

मी वस्तीवर जाऊन राहिले. नव्या शाळेची वाट उसातून जायची आणि ऊस पुरुषभर उंच झालेला. एका मुलीच्या आईबरोबर मी ती वाट चालले. भर दिवसा, आम्ही दोघी असूनही, ती सारखी मागं वळून बघत होती.

“पोरं काय, सायकलीवर घोळक्यानं जात्यात,” ती म्हणाली. “पोरीला सोडाया मी गेले, तर कामावर कोण जाईल? आन् एकटी धाडली, काय इपरीत झालं, तर समदी मलाच बोलतील की.”

अहवालात मी तेच लिहिलं. शाळा लांब गेली, वाट धोक्याची झाली, म्हणून मुली घरी बसल्या.

खात्याच्या साहेबांनी बोलावून घेतलं, चहा मागवला. “मॅडम, काम उत्तम झालंय. फक्त कारणांमध्ये ‘पालकांची उदासीनता’ सगळ्यात वर घ्या.”

“पण ते कारणच नाही, सर.”

“वाटेचं आमच्या हातात काही नाही हो. उदासीनता असली की जनजागृती शिबिर घेता येतं. त्याची तरतूद आहे.”

म्हणजे औषध आधीच आणून ठेवलेलं होतं. मी फक्त त्याला साजेसा रोग लिहून द्यायचा होता.

“मी बदलणार नाही,” मी म्हणाले आणि उठले. चहा तसाच राहिला. आमचे प्राचार्य वैतागले. “एक शब्द तर बदलायचाय!” मी म्हटलं, “सर, त्या एका शब्दानं वस्तीतल्या प्रत्येक आईवर आळ येतो.”

अहवाल छापून आला. तो शब्द खात्यानं घातला होताच, वर माझं नावही ठेवलं होतं. जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी तो संतापानं वाचून काढला. रविवारी एसटी धरून वस्तीवर गेले. बंद शाळेच्या ओट्यावर बायका जमल्या. मी लिहिलेलं वाचून दाखवलं, मग त्यांनी छापलेलं.

“उदासीन म्हंजी काय वो, बाई?” त्याच आईनं विचारलं.

“म्हणजे पोरींच्या शिकण्याचं तुम्हाला काही पडलेलं नाही.”

मग ती पदर खोचत उठली. “कुटं हाय ती कचेरी?”

सोमवारी पहिल्या एसटीनं त्या बायका मुलींना घेऊन कचेरीवर आल्या. मुली दप्तरं घेऊन कचेरीच्या व्हरांड्यात ओळीनं बसल्या आणि मोठमोठ्यानं पाढे म्हणू लागल्या. मीही रजा टाकून शेजारी उभी होते. कामं सोडून सगळी कचेरी बाहेर आली, पाठोपाठ साहेब.

“मॅडम, तुम्ही यांना भडकवताय. संशोधकानं तटस्थ राहायला हवं.”

“मी तटस्थच आहे. मी लिहिलेलं आणि तुम्ही छापलेलं, दोन्ही यांना वाचून दाखवलंय. ठरवू द्या त्यांना.”

ती आई पुढं झाली. “सायेब, आमी उदासीन असतो, तर येवढ्या लांब हितं आलो असतो व्हय?”

साहेब आत निघून गेले. पाढे संध्याकाळपर्यंत चालू होते.

शाळा उघडली नाही. पुष्कळ खेटे घातल्यावर मुलींसाठी एक जीप मंजूर झाली. ती मध्येच बंद पडली, की बायका पुन्हा कचेरी गाठतात. आता त्यांना मी लागत नाही.

अहवालातून माझं नाव मी भांडून काढायला लावलं. खात्यानं नंतर मला काम दिलं नाही. प्राचार्य म्हणतात, “धोरणाला उपयोगी पडायची संधी घालवलीत.” मी म्हणते, त्या बायकांच्या उपयोगी पडले म्हणूनच घालवली.

दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या एका वस्तीवर जाणार आहे. तिथलीही शाळा बंद झालीय. या खेपेला मला कुणी बोलावलेलं नाही.