माझ्या हाताचा इलाज

माझ्या उजव्या हातावर जे उपचार झाले, त्यांनी आमच्या घरातल्या सगळ्यांचे हात सुधारले. माझा सोडून.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, आम्ही धाड नावाच्या गावात राहत होतो, आणि तापानंतर माझा उजवा हात लुळा पडला होता. गुरुजी म्हणाले, हिला लेखणी धरता आली की शाळेत नाव घालू. म्हणून अण्णांनी (माझे वडील, गावाला तापट, माझ्यापुढे लोणी) मला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. तिथे व्यवसायोपचार करणाऱ्या एक बाई होत्या. म्हणजे औषध नाही, सुई नाही. मुलांकडून खेळ आणि रोजची कामं करवून हातात ताकद आणायची. त्या म्हणाल्या, हिला शेंगा फोडू द्या, झग्याची बटणं स्वतः लावू द्या, चिखल मळू द्या. पोळ्यानंतर याल तेव्हा हिनं केलेला मातीचा बैल आणा.

अण्णांनी एवढंच ऐकलं, की बैल पाहिजे!

घरी मी शेंग उचलली की आई ती फोडून दाणे माझ्या तोंडात घालायची. बटणं दादा लावायचा. एकदा मी हट्टानं चिखलात हात घातला. बोटं हलली हो, खरंच हलली! तेवढ्यात अण्णा आले.

"एवढे हात हायेत घरात, त्या एकल्यालेच काऊन पिडता?"

त्यांनी माझा हात धुऊन, पुसून माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतः मळायला बसले.

बैल असा झाला, की अख्खी गल्ली बघून गेली. वशिंड काय, झूल काय, शिंगांना बेगड काय! नागपूरला बाई हरखल्याच.

"हा तू केलास?"

"हाव बाई, तिनंच," अण्णा म्हणाले. (पोरीची मान खाली जाऊ नये म्हणून!) "आमी निस्तं पानी देल्लं."

बाईंनी बैल टेबलावर ठेवून घेतला आणि आनंदानं सांगितलं, की हिला आता माझी गरज नाही. एसटीत मी गावापर्यंत रडले. अण्णा शेजारच्यांना सांगत होते, पोरगी खुशीनं रडून राह्यली.

शाळेत गुरुजींनी पाटी पुढे केली. अण्णांनी माझा हात मुठीत धरून झकास 'श्री' काढला.

"अक्षर चांगलं हाये," गुरुजी म्हणाले. "मंग नाव कोनाचं घालू? तुमचं?"

अण्णा देवाघरी गेले, माझा राग नाही गेला. अशी माया वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

हे सगळं मी सांगितलं आणि दादानं लिहून घेतलं. खालची सही तेवढी मी करणार होते, डाव्या हातानं का होईना. कागद मागितला, तर तीही त्यानं करून टाकलीय.