घरफोडी साळूबाई

मुळशी खोऱ्यातल्या रिहे गावात साळूबाई कुंभारणीचं नाव काढलं की जुनी माणसं अजून विचारतात, कोणती, घरफोडी का? आता घरफोडी म्हणजे भावाभावांत लावालावी करून वेगळ्या चुली मांडायला लावणारी बाई. साळूबाईनं तसलं काहीएक केलं नव्हतं. तिनं घर फोडलं ते पहारीनं, भर दुपारी, चारचौघांदेखत, आणि अंगावर मार घेत फोडलं.

मुळशीच्या धरणात वरची गावं बुडायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. साळूबाईचा नवरा भिवाजी त्याआधी तीन वर्षं एका श्रावणात गेला. पावसानं गारठून गेला म्हणून निखाऱ्यांची पाटी घेऊन खोपटात शिरला, दार लावून घेतलं आणि सकाळी उठलाच नाही. मेलेल्या माणसाचे गाल लालबुंद होते. साळूबाईला ती लाली काही केल्या विसरता येईना. गावानं मात्र एका वाक्यात निकाल लावला, की दारू चढली. भिवाजी प्यायचा हे खरंच होतं, तेव्हा ती तरी काय बोलणार? हळूहळू तिलाही तसंच वाटायला लागलं.

कुंभाराच्या चाकाला बाईनं हात लावायचा नाही, अशी रीत. म्हणून साळूबाईनं दुसरी वाट काढली. लाकडी ओंडक्याभोवती माती गुंडाळायची, थापीनं बडवायची, ओंडका ओढून काढायचा, की हातभर लांबीचा नळ तयार. त्याला चाक लागत नाही. तिच्या उजव्या हाताला इतका नेम होता की एका नळात दुसरा बोटाच्या पेरासारखा बसायचा.

तेवढ्यात हैबतराव पाटलांनी नवं घर बांधायला काढलं. गडी हौशी आणि तितकाच तापट. धरणावरच्या कुणा साहेबाच्या बंगल्यात त्यांनी भिंतीतून गरम वारा फिरताना पाहिला होता, आणि आता आपल्याही घरात तो फिरलाच पाहिजे असं डोक्यात घेतलं होतं. पावसाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा, दोन्ही भिंतीतूनच. पुण्याहून आणलेला कोंडाजी मिस्त्री म्हणाला, पत्र्याची नळी घालू. साळूबाई म्हणाली, इथल्या पावसात पत्रा दोन वर्षांत गंजून गळेल, भाजल्या मातीला काही होत नाही. पाटलांना ते पटलं. साळूबाईला आभाळ ठेंगणं झालं, कारण तिच्या हातचं काम पाटलाच्या भिंतीत बसणार होतं.

भांडण पेटलं ते नळ किती घालायचे यावरून. साळूबाईचं म्हणणं, नळ दोन हवेत. एकातून भट्टीचा धूर बाहेर जाईल आणि त्याला चिकटून बसवलेल्या दुसऱ्यातून नुसता वारा तापून खोलीत येईल. कोंडाजी म्हणाला, एकच पुरे, भट्टीची ऊब थेट त्यातूनच खोलीत येईल. मागच्या पडवीत भट्टी, तिच्यात लाकडाऐवजी कोळसा, धूर होतोच कुठं? उन्हाळ्यात त्याच तोंडावर वाळ्याचा ओला पडदा टांगला की गार झुळूक आत. भिंत जाडजूड करायला नको, खर्च निम्मा. बंद खोलीत कोळसा म्हटल्यावर साळूबाईला भिवाजीचे लाल गाल आठवले आणि ती हट्टालाच पेटली.

"पाटील, कोळशाला धूर न्हाई म्हंता, पर त्याला मुका धूर असतुया. दिसत न्हाई, खोकवत न्हाई. माझा मालक त्यानंच गेला."

पडवी हसण्यानं दणाणली. भिवाजी कशानं गेला ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. पाटील म्हणाले, करायचा तर एक नळ कर, नाहीतर चालती हो, पत्रा येतोय. साळूबाई घरी आली, रात्रभर कुढली आणि सकाळी माती मळायला बसली. तिनं तो एक नळ केला. का केला? मिरवायची हौस, दुसरं काय! पुढं आयुष्यभर ती स्वतःला याच एका गोष्टीवरून शिव्या घालायची.

आषाढात पाटलांची सून गोजराबाई नव्या घरात बाळंत झाली, मुलगा झाला. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सासूनं, तुळजाबाईनं, दाराखिडक्यांच्या फटीफटीत चिंध्या कोंबल्या. भिंतीतल्या नळाचं तोंड तेवढं उघडं, ऊब यायला. पहिले चार दिवस थोडाच कोळसा जळायचा, तेव्हा काही झालं नाही. पाचवीच्या दिवशी पूजा म्हणून भट्टी सकाळपासून भरगच्च पेटवली. दुपारी साळूबाई पूजेची गाडगी घेऊन आली. विधवा म्हणून तिला ओसरीतच थांबवलं. तुळजाबाई आनंदात होती.

"सकाळच्यानं दोगं गाड झोपल्यात बग. सुनंच्या गालावर लाली कशी चढलीया, जनू कुंकू फासलंय."

साळूबाईच्या हातातली गाडगी खाली पडून फुटली. तिनं दार उघडा म्हणून आरडाओरडा केला, बाळंतीण मरतीय म्हणाली, उंबरठ्याकडं धावली. तुळजाबाईनं तिला झिंज्या धरून मागं ओढलं. पाचवीच्या दिवशी रांडमुंड बाई बाळंतिणीच्या खोलीत शिरते म्हणजे काय! साळूबाई तिच्या हाताला चावली, सुटली आणि घराला वळसा घालून पडवीत गेली. तिथलं उरलंसुरलं काम अजून चालू होतं, कोंडाजीची पहार भिंतीला टेकलेली होती. नळ नेमका कुठून जातो ते तिच्याइतकं कुणाला माहीत?

पहिल्या घावाला गिलावा उडाला. दुसऱ्याला कोंडाजी धावून आला, तर तिनं पहार वळवून त्याच्या नडगीवर हाणली आणि तो ओरडत लोळला. तिसऱ्या घावाला हैबतराव काठी घेऊन आले. त्यांनी तिला बडवली, पाठीत, खांद्यावर, डोक्यावर. रक्त डोळ्यांत उतरलं तरी बाई थांबेना. मग त्यांनी उजव्या मनगटावर काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिनं पहार डाव्या हातात घेतली, छातीशी टेकवली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून रेटली. तिचे स्वतःचे नळ खापऱ्या होऊन खाली आले, भिंतीला भगदाड पडलं, आणि पावसाचा गार वारा खोलीत घुसला.

पाटलांची काठी पुन्हा वर गेली होती. आतून आवाज नाही. साळूबाई चिखलात गुडघ्यांवर बसून त्या भोकाकडं बघत होती. कितीतरी वेळानं बाळ रडलं, आणि मागोमाग गोजराबाईला भडाभडा ओकारी झाली. काठी न मारताच खाली आली.

म्हणून काय कुणी तिचे पाय धरले? छे. तुळजाबाई म्हणाली, या रांडेची सावली पडली म्हणूनच सून ओकली. गावानं घरफोडी नाव ठेवलं. मनगट वाकडं जुळलं, थापी कायमची सुटली, आणि साळूबाई लोकांच्या भातखाचरांत मजुरीला जायला लागली.

सव्वा महिन्यानं पाटलांनी तिला बोलावणं धाडलं. लंगडत का होईना, कोंडाजी भोक बुजवायला आला होता आणि त्याला मोडलेला नळ नव्यानं हवा होता. साळूबाईनं वाकडा हात पुढं केला. पाटील चडफडले, कोंडाजीला म्हणाले, पत्रा आण आणि भिंत बुजव. इतक्यात गोजराबाई लेकराला घेऊन आली आणि भोकाला पाठ लावून उभी राहिली. सासऱ्यासमोर ती कधी तोंड उघडत नसे.

"मामंजी, बुजवायचंच आसंल तर आदी आमा दोगांना आत घाला, मग बुजवा."

पाटलांनी काठीवर हात घट्ट केला. मग ती काठी भिंतीवर आपटून मोडली आणि निघून गेले. ते भोक राहिलं. पुढं त्याला खिडकी बसली.

गोजराबाईनं सगळ्यांसमोर लेकरू साळूबाईकडं दिलं. विधवेच्या हातात, नव्या दुपट्यात गुंडाळलेलं. मोडक्या मनगटाला ते पेलेना, तेव्हा गोजराबाईनं खालून आपला हात लावला.

"घरफोडे मावशे, धर की नीट. तुजंच हाय."

त्या दिवसापासून कुणीही घरफोडी म्हणून हाक मारली, की साळूबाई ओ द्यायची.