गाठोडेवाल्या पोरीची सुधारित आवृत्ती

मी पत्रकांच्या घरात वाढले. जळगावला आमच्या पुढच्या खोलीत वडिलांच्या पत्रकांचे गठ्ठे असत आणि पाहुणे आले की त्यांवरच बसत. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. कापसाच्या जिनिंगमधले, तेलगिरण्यांमधले कामगार त्यांचे वाचक. मला अक्षरओळख झाली ती ‘जाहीर निषेध’ या शब्दांवर. त्यामुळे घरात टीव्ही गेम आला तेव्हा मी जाहीर निषेधच केला.

गेम आला तो अक्कासाठी. अक्का माझी थोरली बहीण. लहानपणच्या तापात तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. जिना चढली तरी धाप लागे. कॉलेज मध्येच सुटलं. दिवसभर पलंगावर बसून काय करणार, म्हणून टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आमच्या धुळ्याच्या मामाने गेमचा एक जुना संच टीव्हीला जोडून दिला. सोबत एकच कॅसेट. तिच्यात पाठीवर गाठोडं घेतलेली एक पोर डोंगरामागून डोंगर ओलांडत चालायची. अक्षरं सगळी जपानी. ती कुठे निघाली आणि गाठोड्यात काय, कुणालाच कळेना.

“काय शे व त्या गाठोडामा?” आई भाजी निवडता निवडता विचारायची.

“शेवटी उघडत असेल. तिथवर तर जाऊ दे,” अक्का म्हणायची.

“भाकर व्हई. इतलं दूर उपाशी कोन जाई?”

अक्काला तिथवर जायचं होतं. दुसऱ्या कशाचा तिने हट्ट धरलेला मला आठवत नाही. पण बर्फाच्या डोंगरापर्यंत पोचायला अख्खी दुपार लागायची आणि तिच्या अंगात तेवढी ताकद नव्हती. बटणं दगडासारखी, अंगठा सुजायचा. दमून संच बंद केला की पोर पुन्हा पहिल्या डोंगराच्या पायथ्याशी. अक्का दमली नाही, तर लाइट जायची. एकदा बर्फ संपून पलीकडचं गवत दिसलं आणि डोक्यावरचा पंखा थांबला. पडदा काळा.

“ऱ्हाऊ दे माय,” आई म्हणाली, “ती पोर बी दमनी व्हई.”

अक्का हसली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

पुढे एका दिवाळीनंतर मामा एस.टी.ने नवा संच घेऊन आला. आखातातून परतलेल्या कुणीतरी तो त्याच्या दुकानात विकला होता. कॅसेटवर तीच पोर, तेच गाठोडं. मी भडकले.

“तोच गेम पुन्हा विकतात? जुना माल, नवा डबा! मामा, ही गिऱ्हाइकाची लूट आहे.”

“निघालं पत्रक,” मामा म्हणाला. “आधी वायर तर लावू दे, पुढारी.”

अक्काने गठ्ठ्यातलं एक पत्रक ओढून मोठ्याने वाचलं, “‘सुधारित तिसरी आवृत्ती.’ नाना, ही पण लूट का?”

“अमळनेरच्या म्हाताऱ्या कामगारांना बारीक टाइप दिसत नव्हता,” नाना म्हणाले. “मजकूर तोच आहे. अक्षर मोठं केलं.”

“बघ,” अक्का मला म्हणाली. “त्यांना मोठं अक्षर चालतं. मला नाही चालत?”

मी मामाला वायरीचं टोक धरून दिलं.

गेमचाही मजकूर तोच होता. पण बर्फातली पायवाट, जी आधी पांढऱ्यात पांढरी होऊन हरवायची, ती आता निळसर दिसे. बटणं बोट टेकताच दबत. आणि प्रत्येक माथ्यावर एक झोपडी आली होती. जुन्या गेममध्ये ती नव्हती. झोपडीत नेलं की पोर गाठोडं उशाशी घेऊन निजायची. मग संच बंद करा, लाइट जाऊ दे, अक्का तापाने पडून राहू दे; पोर तिथेच सापडायची आणि उठवली की पुढे चालायची.

मी आजही बाजाराविरुद्ध लिहिते आणि लिहीत राहीन. पण जुना गेम नव्या संचावर आणणं म्हणजे निव्वळ फसवणूक, असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडते. ज्याने ती झोपडी बांधली, त्याच्या डोक्यात दमणारं माणूस होतं. अक्कासाठी दुसरं काहीच थांबलं नाही. कॉलेजने हजेरी मोजली. यावलला मावशीकडे जाणारी एस.टी. ती फलाटावर पोचायच्या आत सुटली. मुंबईच्या ऑपरेशनची तारीख पुढे जात राहिली, आजार मात्र थांबला नाही.

शेवटच्या माथ्यावर तिने पोरीला निजवलं. खाली काहीतरी चमकत होतं, गाव की पाणी, ते ठरेना.

“उद्या बघू गं,” ती म्हणाली. “आज श्वास पुरत नाही.”

पहाटे तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

काही दिवसांनी मामा आला. त्याने समजावलं, की कॅसेटमध्ये असे मध्येच थांबवलेले तीन खेळ तीन वेगळ्या जागांवर राहतात, आणि शर्टाच्या बटणाएवढा एक सेल ते सांभाळतो. तो कधीतरी संपेल. बदलला की सगळं पुसलं जाईल. “त्याआधी तू पुरं कर. थोडंच उरलंय.”

मी संच लावला. पोर झोपडीत निजली होती. मी बटणावर अंगठा ठेवला, तेवढ्यात मागून आई म्हणाली, “नको उठाडू तिले.”

“आई, गाठोड्यात काय आहे ते तुला बघायचं होतं ना?”

“तिनासंगे देखनं व्हतं माले.”

आता गल्लीतली पोरं कॅसेटमधल्या दुसऱ्या जागेवर खेळतात. आई त्यांना शेंगदाणे देते, आणि बर्फाचा डोंगर आला की उठून मागच्या दारी जाते. लाइट गेली की पोरं ओरडतात. आली की मी आधी अक्काची पहिली जागा उघडून बघते. पोर निजलेली असते. मग मी संच पोरांकडे देते.