टायरवाल्या मामांची उतरण

"गाडी बंद करा. गेर काढा. आता ब्रेक सोडा अन् गप बसा!"

लातुरात औसा रोडवर टायरवाल्या मामांकडे गेलेल्या प्रत्येकाचं स्वागत हे असं व्हायचं. या-बसा नाही, चहा नाही, कोणता टायर हवाय ही चौकशीसुद्धा नाही. त्यांचं दुकान एका बंद पडलेल्या डाळ मिलच्या आवारात होतं. पूर्वी ट्रक चढायचे तो सिमेंटचा उतार तिथे अजून शाबूत होता, आणि खाली लांबलचक सपाट अंगण. मामा तुमची गाडी उतारावर चढवायला लावायचे आणि इंजिन बंद करून खाली सोडायला लावायचे. ती जिथे थांबेल तिथे खडूची रेघ, शेजारी गिऱ्हाइकाचं नाव. नवे टायर बसले की पुन्हा उतार आणि पुन्हा रेघ. दोन रेघांमधलं अंतर हीच मामांची जाहिरात.

आणि गाडी मंदावायला लागली की साठी उलटलेला हा माणूस पायजमा सावरत तिच्याबरोबर धावायचा! "चल, चल, चल... अजून जाईल! अजून जाईल!" शंकरपटात स्वतःची बैलजोडी पळत असल्यासारखा. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. मामांना काय त्याचं!

मी तिथे गेले ती रागारागात. मी शिरूर अनंतपाळच्या शाळेत शिकवते. रोजचं जाणं-येणं शंभरेक किलोमीटर. सहा वर्षं एसटीच्या दांड्याला लटकून काढली आणि मग ही जुनी गाडी घेतली. जुनी असली तरी माझी, माझ्या कमाईची. पण एका रविवारी आमच्या ह्यांनी जाहीर केलं, "तुझी गाडी पेट्रोल पीत नाही, ढोसते. दिवाळीपर्यंत ॲव्हरेज सुधारलं नाही तर विकून टाकू. तू आपली एसटीनं जा." मी म्हटलं, बघतेच आता!

माझ्या डोक्यात काय भरलं होतं, तर रुंद, दणकट, खोल नक्षीचे टायर. ते बसवले की गाडी कशी सुसाट निघेल! मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाई देत."

"अहो मामा, पैसे मोजून घेणार आहे मी!"

"बाई, तुमी काय डोंगर चढून राहिलात का? शाळंतच जाता ना? रुंद टायर वढायला इंजिनाला लई जोर लागतो. कंपनीनं दिलंय तेच माप घ्या. त्यात हलका फिरणारा बघा." त्यांनी टायरवरचं स्टारचं स्टिकर दाखवलं. जितके स्टार जास्त तितकं पेट्रोल कमी, हे समजावलं. मी लगेच सगळ्यात जास्त स्टारवाल्यावर हात ठेवला, तर म्हणाले, "दमा जरा. वल्या रस्त्यावर पकड कशी हाय तेबी इचारा. न्हाईतर पेट्रोल वाचंल अन् बाई जाईल!"

मला हसूच फुटलं. राग कुठल्या कुठे पळाला.

टायर बसले. मी उतारावरून गाडी सोडली. जुनी रेघ आली, मागे पडली, आणि गाडी आपली चाललीच आहे! बाहेर मामा ओरडताहेत, आत मी ओरडतेय. एका गाडीच्या लांबीहून पुढे जाऊन थांबली ती. मामांनी रेघ ओढली, 'बाई' असं लिहिलं आणि धापा टाकत म्हणाले, "नवा टायर हाय, आत्ता जड चालतो. रुळला की अजून जाईल."

महिनाभर मी राणीसारखी गाडी चालवली. मग टाकी फुल करून हिशोब लावला. ॲव्हरेज वाढणं सोडाच, आधीपेक्षा घसरलं होतं. माझा विश्वासच बसेना. पुन्हा टाकी फुल केली, पुन्हा तेच. दिवाळी तोंडावर आली होती. ह्यांनी मोबाईल घेऊन चारही बाजूंनी गाडीचे फोटो काढले, विकण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ह्यांना शेजारी बसवलं आणि थेट मामांच्या अंगणात. "तुमचे स्टार घ्या परत!" मी खाली उतरायच्या आतच तोंड सोडलं.

मामांनी नेहमीसारखं उतारावर जायला सांगितलं. गाडी सोडली. 'बाई' लिहिलेली रेघ लांबच राहिली. नव्या टायरच्या काय, जुन्या टायरच्या रेघेपर्यंतही गाडी पोचली नाही. मामा पहिल्यांदाच ओरडले नाहीत. उकिडवे बसले, टायरला उलटा हात लावून पाहिला, खिशातून हवेचं मीटर काढलं आणि चारही चाकांना लावलं.

"बाई, हवा कोन काढून राहिलंय?"

मी म्हटलं, "हवा कोण काढणार? मी तर दर पंधरवड्याला भरते."

मग माझं ह्यांच्याकडे लक्ष गेलं. हे बुटाच्या टोकानं सिमेंट उकरत होते.

"मी काढतो," ते म्हणाले. "थोडी थोडी. ऊन किती आहे बघताय ना. उन्हात हवा फुगते, टायर फुटतो. आमच्याकडे सगळेच काढतात. आणि ही... ही एकटी असते हो गाडीत."

रोज पहाटे मी डबा करत असताना हा माणूस खाली जाऊन काडीनं हवा सोडत होता! एकीकडे गाडी विकायला निघाला होता, आणि दुसरीकडे तीच गाडी फुटू नये म्हणून पहाटे उठत होता. ह्या माणसाचं करायचं तरी काय, तुम्हीच सांगा!

मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, जीव हाय म्हनून करता, कळतंय. पर उलटं होऊन राहिलंय. हवा कमी असली की टायर चुरगळत चालतो, जास्तीच तापतो. फुटतो तो त्यानंच. अन् पेट्रोल खातो ते येगळं." दाराच्या कडेवर लिहिलेला हवेचा आकडा त्यांनी ह्यांना मोठ्यानं वाचायला लावला, आणि हवाही ह्यांच्याच हातानं भरवली. "मीटर सकाळी लावायचं, टायर थंड असताना. तापलेला टायर खोटं बोलतो."

पुन्हा उतार. या वेळी बाहेर दोघं धावत होते. चालताना चप्पल वाजली तरी संकोचणारे आमचे हे, मामांच्या बरोबरीनं ओरडत होते, "अजून जाईल! अजून जाईल!" रेघ मागे पडली. चांगली दोन हात! गाडी थांबताच मी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून टाळ्या पिटल्या. मामा आत गेले आणि पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा घेऊन आले. "ही रेघ पुसायची न्हाई," म्हणाले. जाताना त्यांनी मीटर ह्यांच्या खिशात घातलं. दिवाळीला ॲव्हरेज असं वाढलं की ह्यांनी गुपचूप ते फोटो मोबाईलमधून काढून टाकले.

मामा यंदाच्या थंडीत गेले. आम्हाला कळलं तेव्हा चौदावा होऊन गेला होता.

दोनेक वर्षं पळून ते टायर गेल्या महिन्यात बदलायला झाले. गावातल्या मोठ्या दुकानात विक्रेत्यानं आधी रुंद टायरच पुढे केला. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "मॅडम काय डोंगर चढून राहिल्यात का?" मग मापाचा, स्टारचा, ओल्यात धरणारा टायर आम्ही दोघांनी मिळून निवडला.

परतताना हे डाळ मिलच्या फाटकापाशी थांबायला म्हणाले. दुकानाचं शटर खाली होतं. खडूच्या रेघा पावसानं धुऊन नेल्या होत्या. पांढरी रेघ मात्र होती, जरा फिकी.

मी गाडी आत घेऊन उतारावर चढवली, बंद केली, गिअर काढला, ब्रेक सोडला. हे धावू लागले, "चल, चल, अजून जाईल!" माझे कान दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिले. गाडी रेघेच्या वीतभर अलीकडे थांबली.

ह्यांनी माझ्या पर्समधून खडू घेतला, खाली बसले, रेघ ओढली. नाव काय लिहावं म्हणून क्षणभर थबकले, आणि लिहिलं, 'मामा'.

"नवा टायर हाय," ते मामांसारखंच म्हणाले.

मला काही दिसेनासं झालं होतं. डोळे पुसले आणि मी गाडी पुन्हा उतारावर चढवली.